बारा डब्यांची उतरंड

पाटोद्याच्या बाजारात शहादेवचं भांड्यांचं दुकान शोधायचं असेल तर पत्ता विचारू नका, कान उघडे ठेवा. 'घर्रर्र' असा दात शिवशिवणारा आवाज जिकडून येईल, तिकडं चालत राहायचं. तो भांड्यावर नाव टाकायच्या मशीनचा आवाज. त्या दुकानाला लागूनच माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि हा आवाज ऐकून ऐकून माझे दोन दात आपणहून पडले.

आमच्याकडं भांडं विकत घेतलं म्हणजे आपलं होत नाही. त्यावर नाव पडलं की होतं. 'चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम भेट' हे कोरल्याशिवाय मामाला मामा मानत नाहीत. तालुक्यात आजवर जेवढं साहित्य छापून आलं असेल, त्याच्यापेक्षा शहादेवनं कोरलेलं साहित्य नक्कीच जास्त आहे. आणि ते टिकाऊही आहे, कारण वाचकमंडळी ते रोज राख लावून घासतात.

आता या धंद्यात एक भानगड असते. ताटवाट्यांवर नवरानवरीची नावं टाकून होतात आणि हळदीच्या दिवशी लग्न मोडतं. किंवा मामाचं आणि बहिणीचं बिनसतं आणि मामा म्हणतो, माझं नाव असलेली परात मला नको. असा माल दुकानात ठेवून कोण घेणार? तो शहादेवच्या घरी येतो. त्याला घरात 'चुकलेला माल' म्हणतात. या मालाचं काय करायचं हे खातं चंद्रभागाबाईंकडं, म्हणजे शहादेवच्या बायकोकडं. त्या तो माल पै-पाहुण्यांच्या लग्नात आहेर म्हणून देतात. शहादेवच्या साडूच्या घरी आजही पाहुण्यांना 'प्रविण-शिवकन्या शुभविवाह' असं कोरलेल्या ग्लासातून पाणी मिळतं. प्रविण कोण, शिवकन्या कोण, त्या घरात कुणालाही माहीत नाही. पण रोजच्या सहवासानं जिव्हाळा इतका, की त्यांचं लग्न मोडलं होतं हे कळल्यावर साडूची बायको रडली म्हणतात.

शहादेव स्वतः बुटका, गोल आणि चकचकीत. त्याच्या दुकानातल्या कळशीला मिशा लावल्या तर गिऱ्हाईक तिलाच भाव विचारील. माणूस मोठा अभिमानी. त्याचे अभिमानाचे विषय दोन. एक, त्याच्या मालात खोट नसते. दुसरा, त्याची बायको त्याच्या शब्दाबाहेर नाही. पुरावा म्हणून तो मिश्रीची गोष्ट सांगायचा. चंद्रभागावहिनींना भाजलेल्या तंबाखूची मिश्री दाताला घासायची जुनी सवय. एके दिवशी शहादेवनं म्हटलं, "सोड," आणि त्यांनी सोडली. "एका शब्दात बे, एका शब्दात!" हे तो मला आठवड्यातून एकदा ऐकवायचा आणि मी दर वेळी नव्यानं थक्क व्हायचो. शेजारधर्म असतो.

लॉकडाऊन उठल्यानंतरची गोष्ट. समाधान नावाचा जवळच्याच गावचा पोरगा दुकानात आला. पुण्याला संगणकात नोकरी. त्याच्या हातात स्टीलची एक पट्टी होती.

"काका, ह्यावर बारा शब्द कोरायचेत. पण कोरताना वाचू नका."

"वाचल्याशिवाय कोरू कसं बे? मी काय मशीनला शाळेत घातलंय?"

पोरगा गोंधळला आणि मग त्याला सगळंच सांगावं लागलं. त्यानं बिटकॉइन घेतलेले होते. हा पैसा बँकेत नसतो, नोटेत नसतो. त्याला मॅनेजर नाही, पासबुक नाही, वारस नोंदवायचा रकाना नाही. बारा इंग्रजी शब्द असतात. ते ओळीनं जो सांगेल तो मालक. मोबाईल फुटला तरी शब्द असले की पैसा परत येतो. शब्द हरवले आणि मोबाईलही गेला, की पैसा असून नसल्यासारखा. आपण मेलो आणि घरच्यांना शब्द माहीत नसले, तर आपल्याबरोबर तोही गेला.

"मंग कागदावर लिव्ह की."

"कागद उंदीर खातात, काका. स्टील राहतं."

या एका वाक्यानं शहादेव खलास झाला. जन्मभर तो गिऱ्हाइकांना हेच तर सांगत आला होता! ज्या पैशाला बँकेपेक्षा स्टीलवर जास्त विश्वास, तो पैसा खोटा असूच शकत नाही, असं त्याचं मत झालं. त्या धनत्रयोदशीला साऱ्या पाटोद्यानं शहादेवकडून भांडी घेतली आणि शहादेवनं समाधानच्या मदतीनं त्या पैशातून बिटकॉइन घेतले. शब्द आले तेव्हा समाधान सभ्यपणे भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

घेतले कुणासाठी, हे त्यानं फक्त मला सांगितलं. "दोस्ता, आमची एकुलती पोरगी सासरी. उद्या माझं काही झालं तर दुकान काय चंद्रभागेच्यानं चालणार न्हाई. तिनं कुणापुढं हात पसरावा, हे काय मला बघवायचं न्हाई."

"मेल्यावर तसंही बघवणार नाहीच," मी म्हणालो. पण मनातून मला तो त्या दिवशी लई आवडला.

मग त्यानं डोकं लढवलं. पट्टीवर कोरलं तर चोराला कळेल. म्हणून त्यानं एकात एक बसणाऱ्या डब्यांचा सेट काढला. सगळ्यात मोठा पायलीभर पीठ मावेल असा, सगळ्यात बारका मुठीत झाकेल असा. बारा डब्यांच्या बुडाला बारा शब्द. उतरंड मोठ्यापासून बारक्यापर्यंत लावली की शब्दांचा क्रम लागला! सेट गोणपाटात गुंडाळून त्यानं घरच्या माळ्यावर ठेवला.

"वहिनींना सांगितलंस का?"

"येडा का खुळा? बायकूला सांगितलं की गावाला सांगितलं. मरताना सांगीन."

मरताना सांगीन! जणू मरण म्हणजे बीडची एसटी. फाट्यावर उभं राहिलं की लांबून धुरळा दिसणार आणि मग सावकाश पिशव्या आवरायच्या.

तर, मागच्या वर्षी ती एसटी आली. म्हणजे शहादेवला तसं वाटलं. सकाळी सकाळी छातीत कळ आली, घाम फुटला. जीपमध्ये घालून आम्ही त्याला बीडच्या दवाखान्यात नेलं. उतरवताना त्याच्या खिशातला मोबाईल खाली पडला आणि जीप मागं घेताना त्याच्यावरून चाक गेलं. तेव्हा मोबाईलकडं बघायला कुणाला वेळ होता? छातीला वायरी लावलेला शहादेव खाटेवर पडला, शेजारी त्याच्या काळजाचं मशीन टुक-टुक करू लागलं आणि त्यानं वहिनींचा हात धरला.

"चंद्रभागे, माझं काय खरं न्हाई."

"रातीच सांगत हुते, इतकी मिरचीची भजी खाऊ नका."

"भज्याचं सोड. ऐक. माळ्यावर गोणपाटात बारा डब्यांचा सेट हाय. परतेकाच्या बुडाला इंग्रजी शब्द हाय. थोरल्यापासून बारक्यापतोर वळीनं मांडून आपल्या पोरीला, दिपालीला दाखव. तुझ्या जल्माची सोय हाय त्यात. कुणाकडं मागायची येळ येणार न्हाई तुझ्यावर." त्याचे डोळे भरले. माझेही भरले.

 वहिनी हळूच म्हणाल्या, "आवो... त्यो चुकलेला माल?"

"चुकलेला न्हाई त्यो!"

"मंग आधी न्हाई का सांगायचं? मला वाटलं इंग्रजी नावाचं कुणाचं तरी लगीन मोडलंय. आहेरात वाटून टाकले की म्या."

मशीनची टुक-टुक एकदम धावायला लागली. मरायला टेकलेला शहादेव वायरींसकट उठून बसला. "समदे?"

"बारका कुठं गेला ठावं न्हाई. बाकीचे समदे."

नर्स धावत आली. डॉक्टर आले. त्यांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की हृदय ठणठणीत आहे, भजी मात्र अजून तिथंच आहेत. माणूस मरणातून वाचल्यावर घरचे पेढे वाटतात. इथं शहादेव घरी येईपर्यंत जीपच्या खिडकीला डोकं टेकून 'मोबाईल बी गेला, डबे बी गेले' असं म्हणत होता. मेला असता तर कमी दुःखी दिसला असता.

डबे कुठं गेले हा प्रश्नच नव्हता. कुणाच्या लग्नात काय दिलं आणि त्यांनी आपल्याला काय दिलं, हे आमच्याकडच्या बायकांना स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ असतं. वहिनींनी जीपमध्येच घडाघडा नावं सांगितली. प्रश्न होता तो आणायचे कसे? दिलेला आहेर परत मागणं हे आमच्याकडं चोरीच्या वरचं पाप. चोराला निदान जामीन मिळतो.

"मागायचं न्हाई," वहिनींनी बजावलं. "पाव्हणं म्हणून जायचं, च्या प्यायचा, बूड बघायचं आन् यायचं."

गाडी माझ्याकडं असल्यामुळं मी या मोहिमेत ओढला गेलो. पहिली स्वारी चकलांब्याला, वहिनींच्या चुलत बहिणीकडं, भिवराबाईकडं. थोरला डबा तिच्याकडं होता. चहा झाला, गप्पा झाल्या. शहादेव 'पाणी पितो' म्हणून आत गेला. आम्ही बाहेर मोठ्यानं पावसापाण्याचं बोलत राहिलो. भरल्या डब्याचं बूड बघायचं दोन मार्गांनी: डबा आडवा करायचा किंवा डोक्यावर उचलायचा. आडवा केला तर सांडेल, असा शहाणा विचार करून शहादेवनं तो उचलला. बूड वाचायला मान मागं टाकली आणि डबा कलला.

आतून जो मनुष्य बाहेर आला तो आपादमस्तक बाजरीच्या पिठाचा होता. डोळे तेवढे मिचकत होते.

"विंटर," तो मला म्हणाला आणि त्याच्या तोंडातून पीठ उडालं.

भिवराबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग बहिणीकडं बघितलं. "आक्के, दवाखान्यात दाजींच्या डोस्क्याचा फोटो काढला का न्हाई?"

दुसरी स्वारी मांजरसुंब्याला. वहिनींचा भाचा उत्तरेश्वर याचा तिथं ढाबा आहे. त्याच्याकडचा डबा गल्ल्याशेजारी तिखटानं भरून ठेवलेला. पिठाचा अनुभव ताजा असल्यानं ठरलं की शहादेवनं डबा अलगद टेबलाच्या कडेबाहेर सरकवायचा आणि मी खालून वाचायचं. मी टेबलाखाली उताणा झोपलो. आठवा का नववा शब्द दिसतोय न दिसतोय, तोवर उत्तरेश्वर आला.

"भाऊ, चक्कर आली का? का आमची बिर्याणी लागली?"

"जरा पाठ मोकळी करतोय," मी खालून म्हणालो. तेवढ्यात शहादेवला शिंक आली. पुढचं सांगत नाही. त्या दिवसापासून मी सौम्य जेवतो.

तिसरी स्वारी सगळ्यांत नाजूक. शहादेवचे व्याही धुळाजीराव, म्हणजे दिपालीचे सासरे, महसूल खात्यातून निवृत्त झालेले. दिपाली आणि जावई बीडला सेवा केंद्र चालवतात. हे मात्र गावीच राहतात. धुळाजीरावांच्या धाकट्या लेकीच्या लग्नात वहिनींनी त्यांना एक डबा दिला होता आणि तेव्हापासून हे व्याही काही मोकळे बोलत नाहीत, अशी शहादेवची तक्रार होती. आम्ही गेलो. शहादेव पाणी मागायला उठणार, एवढ्यात धुळाजीरावांनी कोनाड्यातून डबा स्वतःच आणला आणि बूड वर करून आमच्यापुढं ठेवला.

बुडावर ठळक इंग्रजी अक्षरांत कोरलं होतं: डाँकी.

"गाढव," धुळाजीराव शांतपणे म्हणाले. "लग्नाचा आहेर म्हणून आमच्या दारात तुम्ही 'गाढव' लिहून पाठवलं, शहादेवराव. मी दिपालीला बोललो न्हाई, कुणाला बोललो न्हाई. वाट बघत बसलो हुतो, तुमी आज येता का उद्या येता माफी मागायला."

खरं कारण सांगावं तर गुपित फुटतं. न सांगावं तर गाढव तसंच राहतं. शेवटी वहिनी पुढं झाल्या. "भाऊसाहेब, ते नाव तुमाला न्हवतं. ह्यांनी स्वतःची सही केली हुती."

धुळाजीराव असे हसले, असे हसले, की त्यांना धरून पाणी पाजावं लागलं. व्याह्या-व्याह्यांचं गाडं त्या दिवशी रुळावर आलं आणि तो डबा त्यांनी प्रेमानं परत दिला.

पण तोवर भिवराबाईचा फोन सगळीकडं फिरला होता. शहादेव घरोघर जाऊन स्वतःच्याच भांड्यांची बुडं तपासतोय म्हणजे काहीतरी गडबड आहे. चकलांब्यात ही गोष्ट 'बुडाला खोट निघाली' अशी होती. पाटोद्याला पोचेपर्यंत 'ह्या स्टीलमध्ये शिजवलं की केस गळतात' अशी झाली. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानापुढं ही गर्दी! डेचक्या, पराती, कळश्या, डबे. टक्कल पडलेले चार जण तर सगळ्यांत पुढं.

शहादेव लालबुंद होऊन फळीवर चढला. "माझ्या मालात खोट? कोण म्हणतो बे? समोर या! बापजाद्यापासून—"

"मंग घरोघर बुडं कावून बघत फिरतो?" गर्दीतून आवाज आला.

खोट आहे म्हणावं तर जन्माची अब्रू जाते. नाही म्हणावं तर लोक डबे घेऊन घरी जातात आणि चंद्रभागेची सोय जाते. मी त्याचं तोंड बघत होतो. अभिमान आणि बायको यांत ओढाताण झाली, की माणूस कसा दिसतो ते मला त्या दिवशी कळलं. शिट्टी न होणाऱ्या कुकरसारखा दिसतो. मग त्यानं मान खाली घातली आणि पुटपुटला, "व्हय. हाय खोट."

वहिनींनी ते ऐकलं. त्या पदर खोचून फळीपाशी आल्या आणि भांड्यांचा बाजार ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या, "खोट मालात न्हाई, मालकात हाय! दवाखान्यातून आल्यापासून त्येंला बुडं बघायचा नाद लागलाय. बुडावर इंग्रजी अक्षर आसलेला डबा ज्येच्याकडं आसंल, त्यानं आणून द्यावा, बदल्यात नवा मोठा न्यावा. बाकीच्यांनी आपापली भांडी उचला!"

हशा पिकला. मालाची अब्रू वाचली, मालकाची गेली; पण ती तशीही धुळाजीरावांच्या घरी गेलेलीच होती. नवा आणि मोठा मिळतोय म्हटल्यावर आठवडाभरात डबे आपणहून चालत आले. भिवराबाईनं थोरला आणून दिला, त्यात पीठ नव्हतं याची शहादेवनं आधी लांबून खात्री केली.

अकरा झाले. रविवारी दिपाली बीडहून आली. वडिलांनी एवढे दिवस काय दडवून ठेवलं होतं ते ऐकून तिनं आधी कपाळाला हात लावला, मग नवा मोबाईल हातात घेतला. अकरा डब्यांची उतरंड दुकानात मांडली. एकेक शब्द ती टाकत गेली आणि बाराव्या चौकटीपाशी थांबली.

"आता?"

"अंदाजानं टाक की," शहादेव म्हणाला.

"बाबा, दोन हजारांवर शब्द असतात त्यांच्या यादीत."

अकरा डबे शहादेवपुढं चमकत होते आणि त्यांच्या टोकाला बोटभर जागा रिकामी होती. "जाऊ दे, चंद्रभागे," तो म्हणाला. "तुझ्यासाठी केलं हुतं. माझ्याच शहाणपणानं गेलं."

वहिनी त्या रिकाम्या जागेकडं बघत होत्या. "बारका म्हंजी केवढा हुता वो?"

"मुठीत मावंल एवढा. आहेरात कोण देतंय एवढासा? कुठं तरी पडला आसंल."

वहिनींच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती बघितली. त्या उठल्या, मागच्या दारानं घरी गेल्या आणि परत आल्या तेव्हा उजवी मूठ गच्च आवळलेली होती.

"आधी शपथ घ्या. कुणी हसायचं न्हाई, कुणी बोलायचं न्हाई."

आम्ही घेतली. मूठ उघडली. इवलासा डबा होता. दिपालीनं झाकण काढलं आणि तिला ठसका लागला. आत काळीकुळकुळीत मिश्री होती, काठोकाठ, ताजी भाजलेली.

शहादेव शपथ विसरला. "आगं, तू तर सोडली हुती!"

"तुमच्या देखत सोडली हुती."

इतकी वर्षं ज्या एका शब्दाचा अभिमान त्यानं मला आठवड्यातून एकदा ऐकवला होता, तो माझ्या डोळ्यांदेखत मिश्रीच्या डबीत विरघळला. पण शहादेवला वाईट वाटायला वेळ कुठं होता? त्यानं ती डबी हिसकावून धोतराच्या सोग्यानं बूड घासलं, राख लावली, परत घासलं. काळ्या थराखालून अक्षरं वर आली. दिपालीनं वाचलं.

"हजबंड."

"म्हंजी?" वहिनींनी विचारलं.

"नवरा."

आमची शपथ तिथंच मोडली. एवढी वर्षं वहिनींनी नवरा मिश्रीखाली दाबून ठेवला होता आणि त्या बिचाऱ्याला पत्ता नव्हता!

दिपालीनं तो शब्द टाकला. मोबाईल जरा वेळ गरगरला आणि मग उघडला. आतला आकडा बघून ती आईच्या कानात काहीतरी बोलली. वहिनींनी मान हलवली, नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "येवढं माझ्यासाठी? आन् मला भजी खाऊन सांगत हुता?" त्यांनी पदर डोळ्याला लावला. मिश्रीचा हात होता, त्यामुळं डोळे आणखीच चुरचुरले आणि त्या रडतात की काय होतंय, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

शहादेवनं लगेच नवी युक्ती काढली. "यंदा शब्द परातीच्या बुडाला—"

"गप बसा," वहिनी म्हणाल्या. "युक्त्या पुरं. अकरा डबे घरात मांडणीवर ऱ्हातील. पोरीला कसं काढायचं ते ठावं झालंय, मलाबी ती शिकवील. बारावा माझ्या कनवटीला. आन् मरायचं आसंल तर आधी मला इचारून मरायचं."

वाचकांत कुणाच्या मनात पाप आलं असेल तर सांगून ठेवतो: बारापैकी तीनच शब्द मी सांगितले आहेत. बाकीचे मला आठवत नाहीत. तिखटामुळं एकदा वाचताच आला नव्हता.

आता दर बाजारी शहादेव स्वतः तंबाखू आणतो, कारण डबी रिकामी झाली आणि कुठं टाकली गेली तर काय, ही त्याला धास्ती. वहिनी दुकानाच्या पायरीवर बसून सगळ्या बाजारासमोर मिश्री लावतात. सकाळी दुकान उघडलं की शहादेव आधी त्यांच्यापुढं हात पसरतो. त्या कनवटीची डबी काढून त्याच्या तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, "वाचा. पण सांडू नका."